साडूंच्या मनगटावरचा सिनेमा

सिनेमा डोळ्यांनी बघायचा आणि कानांनी ऐकायचा असतो, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. पण तो फक्त मनगटापुरता बघणारा माणूस अख्ख्या जुन्नर-आंबेगावात एकच, आणि तो साडू म्हणून माझ्याच वाट्याला आला. पिंपळवंडीच्या या माझ्या थोरल्या साडूंना हिरोचं तोंड कधी आठवत नाही. गोष्ट विचारली तर सांगतात, "ते न्हाई का निळ्या डायलवालं, पोलादी पट्ट्याचं, ते शेवटाला व्हिलनला मारतं." म्हणजे घड्याळ मारतं, हिरो आपला त्याला लोंबकळलेला असतो. एकदा त्यांच्या घरी आम्ही एक रडका सिनेमा बघत होतो. हिरोची आई गेली. आमची ही आणि तिची थोरली बहीण, म्हणजे साडूंच्या घरच्या अक्का, दोघी पदराला नाक पुसत होत्या आणि साडू निवांत शेंगा फोडत होते. पुढं मारामारीत हिरोच्या घड्याळाची काच फुटली, तेव्हा मात्र साडूंनी "आरारारा!" असा हंबरडा फोडला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. हिरो दरीत कोसळला तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि हाडं मोडून वर आला तेव्हाही तेवढेच वाजले होते, ही लबाडी त्यांनी सिनेमा चार वेळा थांबवून आम्हाला दाखवली. पाचव्या वेळी अक्कांनी टीव्हीच बंद केला.

ज्या वर्षी टोमॅटोला कधी नव्हे तसा बाजार मिळाला, त्या वर्षी गावात कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी घरावर मजला चढवला. साडूंनी घड्याळ घेतलं. एका परदेशी सिनेमातला हेर समुद्रात बुडी मारताना घालतो, अगदी तसलंच. पुण्याच्या एका हौशी माणसाकडून, डबीसकट आणि अस्सलपणाच्या कागदांसकट. या घड्याळवाल्यांच्या जगात कागद नसलेलं घड्याळ म्हणजे जातीचा दाखला नसलेला उमेदवार. कितीही देखणा असो, उपयोग शून्य. साडूंच्या जमिनीचा सातबारा खताच्या पिशवीत घालून गादीखाली असतो. घड्याळाचे कागद मात्र लॅमिनेशन करून लोखंडी कपाटात गेले, आणि तिथली अक्कांची पैठणी बेदखल होऊन धान्याच्या कोठीवर आली. समुद्रात तीनशे मीटर खोल चालणारं हे घड्याळ साडू हात धुताना काढून ठेवत. विहिरीवर मोटर बघायला जाताना रुमालात गुंडाळून माझ्या हवाली करत. एका दुपारी उसात बिबट्या दिसल्याचा ओरडा झाला. लोक शेळ्या आत घ्यायला धावले, साडू घड्याळ आत ठेवायला धावले. शेळी अक्कांनी आणली.

एकदा मी गाढवपणानं विचारलं, "साडूभाऊ, किती वाजले?" देवापुढच्या समईवर विडी पेटवू का, असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "याच्यात टाइम बघत नसत्यात, राव!" आणि बाही घड्याळावर ओढून, "तुझ्या मोबाइलमधी बघ. आन मला बी सांग."

आता माझ्या पराक्रमाकडं वळतो. साडूंच्या एकुलत्या एक मुलीला स्थळ मीच आणलं, आमच्या कळंबचं. पोरगा शेती करतो, रोपांची नर्सरी चालवतो, बोलायला गोड. सुपारीची बैठक बसली. नवऱ्या मुलाचे आजोबा म्हणाले, "आमाला काय बी नको. पोरगी आन नारळ. फकस्त नवरदेवाला रीतीपरमानं घड्याळ-अंगठी घाला, म्हंजे झालं." इथं गप्प बसायला मला कुणी मनाई केली नव्हती. पण पेठच्या आमच्या सासऱ्यांनी आम्हा दोन्ही जावयांना अगदी सारखीच सोनेरी मुलाम्याची घड्याळं घातली होती. माझं अजून तेच, आणि साडू मात्र समुद्रात बुडी मारणारे हेर! ही जुनी जळजळ असेल, किंवा तिसरा चहा. मी मांडीवर थाप मारून म्हणालो, "आजोबा, घड्याळाचं बोलूच नका! आमच्या साडूंकडं सिनेमातलं घड्याळ हाये, हिरोच्या हातातलं. तेच घालणार जावयाला!"

टाळ्या पडल्या. साडूंचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला, तो बैठक उठेपर्यंत तिथून हलला नाही. आजोबांनी मान डोलावली. "मंग ठरलं."

महिनाभर साडू माझ्याशी बोलले नाहीत. बोलले ते एकदाच, फोनवर: "तू माझा साडू न्हाईस, मागल्या जन्मीचा बांध कोरणारा बांधकरी हाईस!" मग साखरपुड्याला चार दिवस उरले असताना त्यांनी मला घरी बोलावलं, दार लोटलं आणि पलंगावर दोन घड्याळं ठेवली. सारखीच. एक अस्सल, दुसरं त्याची हुबेहूब नक्कल.

"वळख," साडू म्हणाले.

मी पूर्ण आत्मविश्वासानं नकली उचललं आणि म्हणालो, "हे अस्सल."

"बग! तुला दोन वर्सं हाताळून कळंना, पोराला काय कळनार?" पण हे बोलताना त्यांचा चेहरा उजळला नाही. मी अर्थातच त्यांच्या कटात सामील झालो. घोळ मीच घातला होता. नकली घड्याळ डबीत घालून, साखरपुड्याला वेळेवर पुढं करायचं काम माझ्याकडं आलं.

मंडपात मी डबी पुढं केली. साडूंनी ती उघडली, आत बघितलं. मुलगी शेजारीच उभी होती, नव्या शालूत, ओळखू न येण्याइतकी मोठी दिसत होती. साडूंनी डबी मिटली आणि माझ्या खिशात कोंबली. स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढलं, उपरण्यानं पुसलं आणि जावयाच्या हाताला बांधलं. माझ्या कानाशी पुटपुटले, "पोरगी अस्सल देतोय, राव. तिच्यासंगं खोटं कसं देऊ?"

जावई कळंबचाच, त्यामुळं पुढचं मला रोज दिसतं. तो ते घड्याळ घालून रोपांना पाणी देतो, ट्रॅक्टर धुतो, विहिरीत सूर मारतो. पहिल्यांदा तो सूर साडूंनी काठावर उभं राहून पाहिला. मला त्यांना दंडाला धरून खाली बसवावं लागलं. पोरगा वर आला, हात झटकला आणि म्हणाला, "मामा, लई भारी चालतंय!" साडू लेकीला फोन करतात, "घड्याळ बरं हाये ना?" म्हणतात, आणि मग बराच वेळ ती कशी आहे तेच विचारत राहतात.

नकली आता त्यांच्या हातात असतं. परवा लेकीला भेटून निघाले, तेव्हा मी कळंबच्या फाट्यावर सोडायला गेलो. एसटीचा पत्ता नव्हता. सिनेमाचा विषय काढून पाहिला. "बगितला न्हाई" म्हणाले. म्हणून मी मुद्दाम, ते जुनं 'याच्यात टाइम बघत नसत्यात' ऐकायला मिळेल या आशेनं विचारलं, "साडूभाऊ, किती वाजले?"

साडूंनी बाही सारली, मनगटाकडं पाहिलं.

"सव्वाचार," म्हणाले.