मुद्देमाल: दगड, एक

ती घटना मी विसरलोच होतो. इथे जपानात, हिगाशी-कसाईला मुलाच्या घरी आलो, आणि कचरा टाकायच्या एका सकाळी ती परत समोर आली.

मी सातवी शिकलेला. शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार होऊन निवृत्त झालो. पंचनामा लिहावा तसंच लिहितो.

आमच्या शहरात मोठे खेळ भरायचे होते. स्टेडियमला रुंद रस्ता हवा, म्हणून अख्खी वस्ती उठवली. लोकांना गावाबाहेर खोल्या दिल्या. घरं पाडली, आणि दुसऱ्या दिवशी ऐन आखणीत शेंदूर फासलेला दगड निघाला. वर हार, उदबत्ती. मशीनवाले हात लावेनात.

खबऱ्याने एक म्हातारा गवंडी दाखवला. बायको नुकती गेलेली. ठाण्यात बसवून चहा पाजला. मारलं की माणूस खोटं बोलतो, चहाने खरं बोलतो.

"देव कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून, साहेब."

"परवा मी तिथेच उभा राहून बिडी ओढली."

"मग देवावर धूर सोडलात तुम्ही."

शिपाई हसले. मीही हसलो.

जागेवर जाऊन चपला काढल्या, हात जोडले आणि नखाने शेंदूर खरवडला. खाली टाकीचे ठोके, मधे घासून खोलगट. मसाला वाटायचा पाटा.

म्हातारा म्हणाला, "तिचा आहे. टाकी मीच लावायचो. चुलीजवळ रोवलेला, तिथेच आहे. देव म्हटलं तर रस्ता वळेल वाटलं."

"उचलून ने ना नव्या खोलीत."

"दगड नेईन. ती बसायची ती जागा कशी नेऊ?"

सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा नोंदवला, पाटा जप्त केला. दर सोमवारी म्हातारा ठाण्यात यायचा. "आता तरी द्या, साहेब." मी म्हणायचो, "कोर्टाचा हुकूम आण." पुढे तो यायचा थांबला. खेळ झाले, स्टेडियमला कुलूप लागलं. माझी बदली झाली तेव्हा पाटा मुद्देमालाच्या खोलीतच होता.

माझी बायको इथे येताना लोखंडी खलबत्ता घेऊन आली होती. खालच्यांना त्रास नको म्हणून टॉवेल घालून कुटायची. ती गेल्यावर सून म्हणाली, "बाबा, आपल्याकडे मिक्सर आहे. आज लोखंडाचा कचरा न्यायचा वार आहे, देऊया का?" मी म्हटलं, दे. दोघं खाली घेऊन गेलो.

तिथे खालच्या मजल्यावरच्या जपानी आजी भेटल्या. त्यांचंही माहेर इथे पूर्वी भरलेल्या खेळांच्या रस्त्यात गेलेलं, असं सुनेने मागे सांगितलं होतं. खलबत्ता बघून त्या काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?"

"बाबा, त्या विचारतात, हल्ली सकाळी वरून तो आवाज का येत नाही?"

मी खलबत्ता उचलून वर आणला.

कायद्याने मी तेव्हा चुकलो नव्हतो. पण सोमवारी त्या म्हाताऱ्याला परत पाठवून मी घरी जायचो, तेव्हा माझी बायको जेवायला थांबलेली असायची. म्हणून पाठवू शकलो.