छातीवरची जागा

बुडी मारण्याआधी कवडू नाव विचारायचा. वय नाही, जात नाही, पाण्यात कसं गेलं तेही नाही. फक्त नाव. ते एकदा तोंडातल्या तोंडात म्हणायचा आणि उतरायचा.

नागपूरच्या तलावांतून, विहिरींतून बुडालेली माणसं वर आणणं हे त्याचं काम. एकसष्ट साली तो सरकारी पाणबुड्या म्हणून लागला. किती जण काढले असं कुणी विचारलं की उठून जायचा.

पहिल्याच वर्षी त्याने एका मुलीला केसांना धरून वर आणलं होतं. जुन्या पाणबुड्यांनी तसंच शिकवलं होतं. केस हाताला लवकर लागतात, एक हात पोहायला मोकळा राहतो. काठावर आई बसली होती. ती रडली नाही. मुलीच्या सुटलेल्या केसांवरून हात फिरवत एवढंच म्हणाली, "सकाळीच वेणी घालून देल्ली होती."

त्यानंतर कवडूने कुणालाच केसांना धरलं नाही. दोरही बांधला नाही. माणूस छातीवर घ्यायचा, त्याचं डोकं आपल्या खांद्याशी, तोंड आभाळाकडे, आणि स्वतः पाठीवर पोहत काठ गाठायचा. झोपलेलं पोर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यावं तसं. याला दुप्पट दम लागतो. पुढे पाठीवर हवेचा सिलिंडर आला, पण तो तळाशी श्वास घेण्यापुरता. वर तरंगायला हातपायच. आणि पन्नाशी आली तसे हातपाय लवकर थकू लागले.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात फुटाळा तलावात तो रिकाम्या हातांनी वर आला आणि पालथाच राहिला. लोकांनी ओढून काढलं. धंतोलीच्या एका दवाखान्यात चार दिवस काढले. सत्यवती, त्याची बायको, खाटेशी बसून होती. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तुमी साऱ्या दुनियेले उताणं करून आणता जी. तुमाले कोण उताणं करन?"



पुढच्या हिवाळ्यात खात्याकडे दोन नमुने आले. दोन्ही अंगावर चढवायचे, सिलिंडरच्या नळीने त्यात हवा भरायची, की माणूस तरंगतो. एक जाकीट होतं. खांद्यांवर, काखांखाली, पोटापर्यंत हवा. दुसऱ्यात पाठीला पोलादी पाट, पाट आणि सिलिंडर यांच्या मध्ये घोड्याच्या नालेसारखी हवेची पिशवी, पुढे नुसते पट्टे. एक ठेवायचा, एक परत पाठवायचा. कवडूने वापरून सांगायचं, खात्याच्या गोपाळराव साहेबांनी लिहून घ्यायचं.

"जाकीटच म्हणा," सत्यवतीने घरीच बजावलं होतं. "साहेब सांगत होते, थे माणसाले उभं ठेवते. पालथं होऊच देत नाई."

"हाओ," तो म्हणाला होता.

चाचणीच्या सकाळी ती डबा घेऊन फुटाळ्याच्या पायऱ्यांवर येऊन बसली. त्याच्या हाओवर तिचा पूर्ण विश्वास नसावा.

आधी जाकीट. कवडू बुचासारखा वर आला, हनुवटीपर्यंत पाण्याबाहेर, ताठ.

"कवडू, नवरदेवासारखा दिसून राहिला गा!" गोपाळराव ओरडले.

"नवरी तं पायरीवर बसली हाये, साहेब."

सत्यवतीने पदर तोंडाला लावला.

मग तळाशी टाकलेली वाळूची गोणी वर आणायची होती. ती छातीवर ठरेना. फुगलेलं जाकीट मध्ये यायचं, तिला बाजूला लोटायचं. तीनदा निसटली.

"दोर बांधून ओढ ना," गोपाळराव म्हणाले. "गोणीच तं आहे."

"आज गोणी हाये, साहेब."

गोपाळरावांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

मग पाट. गोणी छातीवर आली आणि तिथेच राहिली. पाठीखालची हवा खाटेसारखी झाली. कवडू पायऱ्यांशी आला तेव्हा त्याला धापही लागली नव्हती. गोणी उतरवून तो परत गेला, खाली जाऊन रिकामा वर आला. आणि मागच्या पिशवीने त्याला पुढे ढकललं. तोंड पाण्यात. सत्यवती उभी राहिली, डबा घरंगळून दोन पायऱ्या खाली गेला. कवडू हातपाय मारून कसाबसा वळला, खोकत काठाला लागला.

"हे नोको," ती म्हणाली. "हे मारन तुमाले."

त्याने तोंडावरचं पाणी निपटलं. मग म्हणाला, "वझं असलं का मी उताणा राहतो वं. रिकामा असलो का पालथा."

"मंग?"

"मंग रिकामं यायचंच नाई."

तिला काही कळायच्या आत तो पुन्हा पाण्यात गेला. वर आला तेव्हा त्याचे दोन्ही हात छातीशी होते, कुणाला तरी धरल्यासारखे. डोकं मागे टेकलेलं, कंबर वर, तोंड आभाळाकडे. पिशवी त्याच्या पाठीखाली गेली आणि शांत झाली. तो हलला नाही. पाणीही फारसं हललं नाही.

सत्यवती पाण्याच्या कडेपर्यंत उतरली. "कोणाले आणून राहिले जी?"

"तुले," पाण्यातून आवाज आला. "हालू नोको, पडशीन."

जाकीट परत गेलं. पण सत्यवतीने अट घातली. रोज सकाळी सराव, आणि ती समोर. महिनाभर ती कामावर निघण्याआधी पायरीवर बसून ओरडत राहिली, "वर पाहा जी! वर!" पुढेही बोलावणं आलं की ती त्याच्यामागे जायची.

त्या वैशाखात त्याच तलावात एक तरुण बुडाला. बाप काठावर बसला होता. कवडूने नाव विचारलं, उतरला. बऱ्याच वेळाने वर आला, हात छातीशी, तोंड आभाळाकडे. बाप धडपडत उठला. "सापडला?"

सत्यवतीने त्याचा हात धरला. "नाई दादा. आजून नाई. त्या हातांत मी हाये."

बापाला काही समजलं नसेल. तो खाली बसला. पाण्यात कवडू पुढच्या बुडीसाठी दम घेत होता.