पहिलं बटन ह्यांच्या हातानं

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आवडीनं वाचते, पण खरं सांगू का, आजपर्यंत मनातल्या मनात हसतच वाचत आले. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की तो लिंगैक्य झाला, शिवात मिसळला, विषय संपला. माझे वडील तर म्हणायचे, "मागं काय राहत न्हाई बाळा, राहतो तो आपला मोह." त्यात मी कॉम्प्युटर शिकलेली, नांदेडला एका कॉलेजच्या लॅबमध्ये काही वर्षं नोकरी केलेली. मशीन अडलं तर त्याला कारण असतं, अशी माझी पक्की समजूत होती... अजूनही आहे. म्हणूनच हे लिहायला घेतलंय.

लग्न करून मी लातूरला आले. ह्यांचं हे दुसरं लग्न. पहिली बायको, महानंदा, आजारपणात गेली. मूलबाळ नव्हतं. क्लासेसच्या गल्लीत ह्यांचं दुकान आहे — प्रश्नपत्रिका टाइप करणं, नोट्सच्या प्रिंट, झेरॉक्स. ते सगळं महानंदानं उभं केलेलं. गणिताचे पेपर ती इतके देखणे टाइप करायची म्हणे की क्लासवाले अजून नाव काढतात. माझ्यासमोर काढतात, हे विशेष. "वहिनींच्या हातचा पेपर म्हणजे..." असं म्हणून थांबतात आणि मग माझ्याकडे बघून ओशाळतात. घरात तिचा फोटो आहे, त्याचं मला काही वाटत नव्हतं. माझा जीव जळायचा तो दुकानातल्या तिच्या कॉम्प्युटरवर.

मशीन जुनं, लिनक्सवर चालणारं. सकाळी ते उघडायला इतका वेळ लावायचं की शेजारचा चहावाला भट्टी पेटवून पहिला चहा गाळायचा तरी आमचं आपलं घुर्र-घुर्र चालूच. आणि हे? हे समोर स्टूल ओढून, हनुवटीला हात लावून, त्या काळ्या पडद्याकडे बघत बसायचे. चिडायचे नाहीत. कधीकधी तर गालात हसायचे!

"काय बघायलाव एवढं?" मी एकदा विचारलं.

"काय न्हाई. मशीन उघडेस्तोवर आमी बोलत बसायचो, त्येच आठवलं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्याशी बोलताना ह्यांना सदा घाई. जेवताना फोन, फोन झाला की झोप. आणि मेलेल्या बाईसाठी रोज सकाळी स्टूल!

मी त्याच दिवशी मशीन उघडून बसले. दुखणं लगेच सापडलं. प्रोसेसरनं किती वेगानं पळायचं ते ठरवणारं एक सेटिंग असतं, त्याला गव्हर्नर म्हणतात. घरच्या पंख्याचा रेग्युलेटर समजा. आमचं 'पॉवरसेव्ह'वर होतं, म्हणजे पंखा कायम एकवर. मी ते 'परफॉर्मन्स'वर केलं आणि मशीन सुरू होतानाच ते आपोआप लागावं म्हणून चार ओळींची स्क्रिप्ट टाकली. लॅबमध्ये असं किती मशीनवर केलं असेल, गणती नाही. रीस्टार्ट केलं, झटक्यात उघडलं. म्हटलं, गेलीस बाई एकदाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घुर्र-घुर्र. हे स्टुलावर.

तपासलं तर पॉवरसेव्ह. लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, वाचला, तिथे स्पष्ट लिहिलेलं की स्क्रिप्ट चालली, परफॉर्मन्स लागलं, चूक काही नाही. मग खाली उतरवलं कुणी? मी हार्ड डिस्कच बदलली. नवी लिनक्स टाकली, बोर्डावरचा सेल बदलला, बायोस, म्हणजे मशीनच्या मुळातलं सेटिंग, पहिल्यापासून केलं. महानंदानं लिहिलेलं एक अक्षर त्यात उरलं नाही. तरी सकाळी तेच. दुपारी मी बंद-चालू केलं की वारं!

खरी गोम कळायला इतके दिवस लागले त्याचं कारण आमच्या दुकानाची रीत. सकाळी हे आंघोळ, लिंगपूजा करून येणार, कॅबिनेटवर विभूतीची तीन बोटं ओढणार आणि पहिलं बटन मालकाच्याच हातानं दाबलं जाणार. त्यात बदल नाही. एकदा हे भोकरला नातलगांच्या लग्नाला गेले आणि सकाळी बटन मी दाबलं. मशीन लगेच उघडलं. हे परत आले, दुसऱ्या सकाळी पुन्हा कासव.

मग मी खात्री करायचं ठरवलं. सासूबाईंना मुद्दाम दुकानात नेलं, बटन दाबायला लावलं. झटक्यात उघडलं. बंद करून ह्यांना दाबायला सांगितलं... हळू. पुन्हा सासूबाई, झटक्यात. पुन्हा हे, हळू.

सासूबाई पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "तिला लई आवडायचं ह्यो बसलेला."

"आत्या, ती लिंगैक्य झालीय ना?"

"झालीय की. म्या कुटं न्हाई म्हणलं?"

मी घरी येऊन ढसाढसा रडले. भीतीनं नव्हे हो, मत्सरानं! जिवंत सवत असती तर भांडून तरी घेतलं असतं. ही माझ्या डोळ्यांदेखत माझ्या नवऱ्याला रोज बसवून घेते आणि मी करू काय, तर स्क्रिप्ट लिहू? ह्यांना सरळ सांगितलं, दुकानात एक तर ते मशीन राहील, नाही तर मी. नांदेडची गाडी मला माहीत आहे.

हे एवढंच म्हणाले, "बरं. नवीन घेऊ."

नवीन आलं. जुनं भंगारवाल्याला द्यायचं ठरलं. तो यायच्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "एकदा शेवटचं चालू करून बघतो." मी आडवी आले. शेवटची भेटही तिला द्यायची नव्हती मला. म्हटलं, मी करते. दाबलं बटन.

घुर्र... घुर्र...

माझ्या हातानं ते कधी हळू उघडलं नव्हतं. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. ह्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्याशेजारी बसले.

"ती मुद्दाम हळू ठेवायची," हे म्हणाले. "क्लासवाले घाई करायचे, त्येंला सांगायची मशीन हळू हाय. तेवढाच आमाला बोलायला टाइम. दिवसभर मग कुटं मिळतोय?"

पडदा काळाच.

थोड्या वेळानं हे म्हणाले, "तू नांदेडला लॅबमदी एकलीच बसायचीस का? डबा कुनासंगं खायचीस?"

लग्नानंतर माझ्याबद्दल ह्यांनी विचारलेली ती पहिली गोष्ट. मी सांगत गेले. डब्याच्या मैत्रिणी, गोदावरीच्या घाटावरच्या संध्याकाळी, वडील... हे हनुवटीला हात लावून ऐकत होते. मशीन कधी उघडलं ते आम्हाला कळलं नाही. नंतर मी बघितलं. पॉवरसेव्ह. बदलायला एक ओळ पुरली असती, बोटं कीबोर्डवर होतीही. नाही बदललं. भंगारवाल्याला परत पाठवलं.

आता काम नव्या मशीनवर होतं. जुनं कोपऱ्यात आहे आणि रीत थोडी बदलली आहे. विभूती हे लावतात, जुन्याचं पहिलं बटन मी दाबते. तेव्हापासून ते माझ्या हातानंही हळूच उघडतं. ओळखीच्या दोघा-तिघा जाणकारांना मी सगळं तांत्रिक सांगून पाहिलं, कुणालाच उत्तर देता आलं नाही. मलाही नाही.

पण माझा खरा प्रश्न तो नाहीच. घुर्र-घुर्र सुरू झालं की हे रोज स्टूल ओढून येतात, बोलतात, माझं ऐकतात. ते माझ्यासाठी येऊन बसतात की तिच्यासाठी, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.