हात दिसला की द्यायचं

आमच्या हायस्कुलातल्या बास्केटबॉलची रिंग म्हणजे मोटेचं लोखंडी कडं होतं. साल बहात्तरच्या दुष्काळाचं. विहिरींनी तळ दाखवलेला, त्यामुळं मोट ओढायला पाणी नाही आणि बैल तर गुरांच्या छावणीत. कुणाच्या तरी गोठ्यात गंजत पडलेलं ते कडं खेळाच्या सरांनी मागून आणलं आणि सोसायटीच्या गोदामाच्या भिंतीला, पत्र्याच्या खाली ठोकून घेतलं. त्याच्याखाली सिमेंटचा चौक होता. चांगल्या सालात तिथं कापसाचं वजन व्हायचं. आता वजनकाटा नुसताच उभा. गावात टणक जमीन तेवढीच. बाकी काळ्या रानाला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडलेल्या. तिथं बॉल आपटला की तो उडायच्या ऐवजी भेगेत जाऊन बसायचा, गोगलगाईसारखा.

सोसायटीचे चेअरमन तालुक्याला कुठल्याशा बैठकीला गेले आणि परत आले ते मुलींचा संघ जिल्ह्याला पाठवायचा हे डोक्यात घेऊनच. "आपली सोसायटीची ट्रक रेशनची लाल ज्वारी आणायला बीडला जाती. जाताना रिकामीच असती. पोरी बसतील," ते म्हणाले. संघात बाराजणी घ्यायच्या होत्या. चौकात जमल्या त्याच्या दुपटीनं. निम्म्या खेळायला, निम्म्या बीड बघायला. मी दोन्हीला.

मी नववीत होते. उंचीनं अशी की डोक्यावर घागर घेतली तर लांबून बघणाऱ्याला वाटावं, घागरच चालत येतेय. आणि तरी माझी खात्री होती की सबंध मराठवाड्यात माझ्यासारखी बास्केटबॉल खेळणारी दुसरी नाही. ही खात्री कुठून आली, देवाला माहीत. मी तोवर बॉल हातातसुद्धा धरला नव्हता! आता नातवंडांसमोर मी लई शहाणी म्हणून मिरवते, पण त्या पोरीची एखादी चित्रफीत असती ना, तर मी ती जाळून टाकली असती. नाही, नको. आधी पोट धरून हसले असते, मग जाळली असती.

शाळा सकाळची होती. दुपारनंतर मी मायसंगं पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जायचे. मुकादम वय विचारत नव्हता, हात बघायचा. खेळाचा सराव पडला संध्याकाळी, म्हणजे काम सुटायच्या आधी मला निसटावं लागायचं आणि माझ्या जागी मायला दोघींचं काम ओढावं लागायचं. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"शनिवारी निवड हाय न्हवं? घेतलं तर खेळ. न्हाई घेतलं तर सोमवारपासून शाळा बंद, दिवसभर माझ्यासंग. एकटीनं न्हाई व्हत आता."

"घेत्यालच गं माय," मी म्हणाले.

"कावून? सरांना दिसत न्हाई व्हय?"

सर होते साताऱ्याकडचे. पांढरे बूट घालायचे आणि आमच्या धुळीत ते पांढरेच ठेवायची जिद्द बाळगून होते. पहिला नियम त्यांनी सांगितला, "बॉल हातात धरून पळायचं नाही." आम्ही एकमेकींकडं बघितलं. आमच्याकडं हातात वस्तू आली की पळायचंच असतं. पाण्याचा टँकर आल्यावर कुणी जागेवर उभं राहून घागर आपटत बसतं का?

"आपटत आपटत न्यायचा," सर म्हणाले, "आणि खाली बघायचं नाही."

हे मला जमलं. रोज दोन घागरी आणि वर कळशी घेऊन नदीच्या वाळूत खोदलेल्या झिऱ्यावरून यायचे, माझी मान खाली वळायचं विसरूनच गेली होती. भावाचा लेंगा नाडीनं आवळून, मान ताठ ठेवून मी बॉल आपटत निघाले. सर ओरडले, "बघा! बघा ही कशी बघत नाही!" अंगावर काटा आला माझ्या. सगळ्या पोरी बघतायत, चेअरमन बघतायत, मी कुणाकडंच बघत नाहीये. अशी मी थेट वजनकाट्याच्या खांबावर गेले.

"आगं माय!" पाटलाची लेक हसून हसून खाली बसली. "हिला तोलून घ्या रं कुणीतरी, आयतीच आलीय काट्यावर!"

पाटलाची लेक म्हणजे आमच्या वर्गातला सगळ्यात उंच जीव. तिला उडी मारायची गरजच नव्हती, टाचा उचलल्या की बॉल कड्यात. दुसरी होती इंजिनमिस्त्रीची लेक. विहिरी आटल्यावर पाण्याची इंजिनं बंद, मिस्त्रीच्या हाताला काम नाही, म्हणून ते सगळं घरच आमच्यासोबत तलावावर यायचं. ही पोरगी एक डोळा मिटायची, जीभ जराशी बाहेर काढायची आणि लांबून बॉल फेकायची. कड्याला न शिवता आरपार! त्या दोघी संघात असणार हे चौकातल्या कबुतरांनासुद्धा ठाऊक होतं.

माझी फेक मात्र वेगळ्या जातीची होती. घमेल्यातली माती बांधावर भिरकावावी तशी मी खालून वर फेकायचे. पहिला बॉल गोदामाच्या पत्र्यावर गेला. कबुतरं उडाली. राखणदार म्हातारा शिव्या देत शिडी लावून चढला, बॉल खाली टाकला. दुसरा बॉलही पत्र्यावर. म्हातारा अजून शिडीवरच होता.

"पोरी, आता मी वरच बसतो," तो म्हणाला, "तू टाकत ऱ्हा."

पण हे सगळं परवडलं. खरी माती झाली गुरुवारी, सरांनी दोन गट पाडून खेळवलं तेव्हा. बॉल माझ्याकडं आला. मी ताठ मानेनं निघाले. समोर पाटलाची लेक हात पसरून आडवी आली. ती दुसऱ्या गटात. आणि मी काय केलं? मी बॉल तिच्या हातात ठेवला. फेकला नाही, पडला नाही, तिनं हिसकावला नाही. व्यवस्थित, दोन्ही हातांनी, पाहुण्याला पाण्याचा तांब्या द्यावा तसा दिला.

शिट्टी वाजली. सर जवळ आले. "बाळ, ती विरुद्ध बाजूची आहे ना?"

"हाय."

"मग तिला का दिलास?"

"तिनं हात केलता म्हणून."

सरांनी आभाळाकडं बघितलं. तिथंही काही नव्हतं, ढगसुद्धा नाही.

त्यांना कसं सांगावं? तलावाच्या कामावर आमची रांग असायची. खाली गडी माती खणून घमेलं भरणार, आणि खड्ड्यापासून बांधाच्या माथ्यापर्यंत बाया उभ्या. घमेलं हातोहात वर चढायचं. घेणारीनं हात पुढं करून "आण!" म्हणायचं, देणारीनं तिच्या हातात ठेवून लगेच मागं वळायचं, कारण तिकडून दुसरं आलेलंच असायचं. तोंड बघायचं नाही. सासू आहे का सवत, बघायला वेळ नाही. समोर रिकामे हात दिसले की द्यायचं. दिवसभर हेच केल्यावर माणूस संध्याकाळी घरी जेवतानासुद्धा शेजारच्यानं हात पुढं केला की आपली भाकर देऊन टाकायचा.

त्याच संध्याकाळी आणि शुक्रवारी मिळून मी आणखी चारपाच बॉल असेच दान केले. पाटलाची लेक तर आता बॉलमागं पळायचीच नाही. माझ्यासमोर येऊन नुसता हात पुढं करायची आणि म्हणायची, "दे गं माय, देवाच्या नावानं."

शनिवारी दुपारी मी कामावर गेले ती ठरवूनच. आज आधी तोंड बघायचं, मग द्यायचं. सवय मोडायची. वरच्या अंगाला माझ्याशेजारी रोजच्याप्रमाणं मिस्त्रीची लेक उभी. खालून माय घमेलं देणार, मी तिला देणार. मायनं घमेलं दिलं. मिस्त्रीच्या लेकीनं हात पुढं केले, "आण!" मी घमेलं छातीशी धरलं आणि तिच्या तोंडाकडं निरखून बघायला लागले.

"क्या देखती गं?" ती म्हणाली. "माझ्या तोंडाला माती लागलीय का?"

तेवढ्यात मायच्या हातात दुसरं घमेलं येऊन पडलं. तिला ते ठेवायला माझे हात रिकामे नव्हते. तिच्या खालच्या बाईकडं तिसरं आलं. बघता बघता खड्ड्यापर्यंत सगळी रांग भरली घमेली घेऊन तटली आणि वरच्या अंगाला मिस्त्रीच्या लेकीपासून माथ्यापर्यंत सगळ्याजणी रिकामे हात पुढं करून उभ्या. मुकादम वरून बोंबलला, "ए, मधीच कोन पुतळा उभा केला रं?"

"तोंड काय बघतीस?" माय खेकसली. "हात बघ, हात!"

मी घमेलं दिलं. पण त्या क्षणी मान ताठ ठेवूनच मी वर बघितलं आणि मला एकदम दिसलं. बांधाच्या उतारावर हातच हात. आमच्या शाळेच्या किती पोरी त्यात! पाटलाची लेक सोडली तर खेळायला येणाऱ्या जवळपास सगळ्या. पुढची घमेली मी हसत हसत दिली. मायला वाटलं, उन्हानं पोरगी गेली कामातून.

संध्याकाळी चौक माणसांनी भरला होता. चेअरमन खुर्चीवर, म्हातारा राखणदार आधीच पत्र्यावर. मायसुद्धा मातीच्या पदरानं येऊन गोदामाच्या पायरीवर बसली होती. सोमवारी शाळा का तलाव, ते तिला तिथल्या तिथं बघायचं होतं.

सरांनी गट पाडले. समोरच्या गटात पाटलाची लेक आणि मिस्त्रीची लेक दोघी. आमच्या गटात मी आणि माझ्यासारखाच उरलेला माल. पहिल्या दहा मिनिटांत आमचं पार भुस्कट पडलं. मग मिस्त्रीच्या लेकीकडं बॉल आला. तिनं आपटत आपटत यावं, थांबावं, दोन्ही हातांत धरून एक डोळा मिटावा, जीभ बाहेर. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. उडी मारली नाही. मारून उपयोगही नव्हता, मी तिच्या खांद्याला लागायचे. मी फक्त हात पुढं केले, कमरेच्या उंचीला, रांगेत धरायचे तसेच, आणि म्हणाले, "आण!"

तिनं बॉल माझ्या हातात ठेवला आणि दुसरं घमेलं घ्यायला मागं वळली.

मागं काय, पाटलाची लेक! "कावून दिलास गं तिला?"

"हात... हात पुढं आलते ना तिचे," मिस्त्रीची लेक म्हणाली आणि तिचं तिलाच उमगलं. "या अल्ला! ए बुटकी!"

पण बुटकी होती कुठं? पळत सुटले होते मी, आणि बॉल आपटायचा नियम विसरून, छातीशी धरून! शिट्टी वाजली, बॉल गेला. जाऊ दे. मी पुन्हा आले. दुसऱ्या पोरीसमोर हात केले, "आण!" तिनंही दिला. तिसरीनं अर्धा दिला, मग दातओठ खाऊन मागं ओढला. लोकं उभी राहिली. तलावावरच्या बाया तर लोळायच्या बाकी राहिल्या होत्या. प्रत्येक वेळी मी हात पुढं केला की पायऱ्यांवरून सगळ्या एका सुरात ओरडायच्या, "आण!" पुढच्या वेळी मिळाला तो बॉल मी आपटत नेला, पत्र्यावर फेकायच्या भीतीनं स्वतः न फेकता जवळच्या पोरीला दिला, आणि दिला तो आमच्याच गटातल्या पोरीला. तोंड बघून! तिनं कड्यात टाकला.

पाटलाची लेक सरांपुढं जाऊन उभी राहिली. "सर, हे चालतं का? मागून घेती ती बॉल!"

सर डोकं खाजवत राहिले. पांढऱ्या बुटांवर माती उडाली होती, त्यांचं लक्ष नव्हतं. "मागू नये असा नियम नाही," ते शेवटी म्हणाले. "देऊ नये, एवढं तुम्हाला कळायला हवं."

मग त्यांनी एकेकीला बोटानं बाजूला काढलं. पाटलाची लेक. मिस्त्रीची लेक. मग एकेक करत अकरा झाल्या. माझ्या लेंग्याची नाडी मी दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरली होती की बोटं बधिर झाली. सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, माझ्या डोक्यावरूनही गेली ती, मग खाली आली.

"आणि ही भिकारीण," ते म्हणाले.

मी मायकडं बघितलं. ती उठून पदर झटकत होती. "बीडला जाशील तर जा," म्हणाली, "पर मुकादमाला तूच सांग, तुझी जागा कोन धरणार ते." आणि मग तिनं तोंड फिरवलं, कारण तिला हसू आवरेना.

बीडला आम्ही रिकाम्या ट्रकमध्ये उभ्यानं, गळा फाडून गात गेलो. आमचा सामना लागला चकलांब्याकडच्या शाळेशी. सरांनी मला अगदी शेवटी उतरवलं. बॉल थेट माझ्याच हातात आला! ताठ मानेनं मी निघाले, अशी निघाले की कड्यापर्यंत कुणाची आडवायची टाप नव्हती. तेवढ्यात समोर एक काळीसावळी पोरगी आली, माझ्याहूनही बुटकी. तिनं उडी मारली नाही. कमरेच्या उंचीला दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाली, "आण!"

मी दिला.

दुष्काळ काय आमच्याच गावात होता का! तीही माझ्याकडं बघून दात काढत होती, बॉल घेऊन पळायचं विसरून, आणि बाहेरून साताऱ्याचे आमचे सर पांढरे बूट आपटत पहिल्यांदाच आमच्या भाषेत ओरडत होते, "अगं कावून दिलास, कावून दिलास तिला!"