आत या, मग हात मिळवू

माझी आणि म्हाताऱ्याची पहिली भेट म्हणजे सरळसरळ अपमान होता. मेलबर्नमधल्या पॉइंट कुकच्या आमच्या फुटबॉल क्लबात लेकीचं नाव घालायला गेले होते. क्लबरूमच्या दारात तो आत उभा, मी बाहेर. उंच, रुंद खांद्यांचा, गुडघ्यांत जरा वाकलेला. क्लबचा प्रेसिडेंट हाच, असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून मी छान हसून हात पुढे केला. त्याने हाताकडे पाहिलं, एक पाऊल मागे सरकला आणि म्हणाला, "इनसाइड." बस्स. स्वतःचे हात खिशातच.

माझं डोकं सणकलं. लेक शेजारी होती म्हणून गुपचूप नाव घातलं, पण घरी येईपर्यंत गाडीत नुसती धुसफुसत होते. माझ्या हाताला काय शेण लागलं होतं? नवरा म्हणाला, "अगं, सोड ना. नसेल लक्षात आलं त्याच्या." सोड म्हणे! या देशात येताना मी नोकरी सोडली, माणसं सोडली, आईच्या हातचं जेवण सोडलं. आता मान पण सोडू?

पुढच्या ट्रेनिंगला गेले ती भांडायच्याच तयारीने. तो क्लबरूममध्ये बॉलमध्ये हवा भरत बसला होता. तडक आत शिरले आणि विचारलं, "त्या दिवशी तुम्ही माझ्याशी हात का मिळवला नाही?"

तो आधी गोंधळला. मग इतक्या मोठ्याने हसला की बाहेरच्या पोरी डोकावल्या. "दारात? अगं, उंबरठ्यावरून हात मिळवला की भांडण होतं. आमच्या लिथुआनियात शेंबड्या पोरालाही माहीत असतं."

नागपूरच्या आमच्या घरात देव नव्हते, नवस नव्हते. मांजर आडवं गेलं तर आई त्याला दूध घालायची. पण उंबरठ्यावरून काही घ्यायचं-द्यायचं नाही, एवढं मात्र तिच्याच्यानेही सुटलं नव्हतं. आणि मी? माझ्या इथल्या घराला उंबरठा कुठला, दाराखाली ॲल्युमिनियमची पट्टी आहे नुसती. तरी पार्सलवाल्याला मी "कम इन, कम इन" करते आणि तो बिचारा आपल्या बुटांकडे बघत आत येतो. हे सगळं मी म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने खोलीच्या मध्यभागी येऊन हात पुढे केला. "मिळव. तू आमच्यातलीच आहेस."

त्या दिवसापासून मी मुलींच्या टीमची मॅनेजर झाले. म्हणजे संत्री कापणं, जर्सी धुणं आणि रेफ्रीवर ओरडणाऱ्या बापांना गप्प करणं. शेवटचं काम मला विशेष आवडायचं.

मुली मैदानात असल्या की म्हातारा माझ्याशी बोलत बसायचा. तरुणपणी तो बचाव फळीत खेळायचा. सोव्हिएत युनियनने गिळून त्याचा देश नकाशावरून पुसला गेला होता, तो पुन्हा नकाशावर आला तेव्हा देशाचा शर्ट पहिल्यांदा घालणाऱ्यांत हा होता. मी मोठ्या उत्साहाने विचारलं, "मग किती मॅचेस जिंकलात?"

"जिंकतोय कसला! आमची धुलाई व्हायची. पण सुरुवातीला राष्ट्रगीत आमचं वाजायचं. त्यासाठी मी रोज हरायला तयार होतो."

मग गुडघे गेले. एका छोट्या गावातल्या क्लबाने त्याला ऑफिसात बसवलं. तिथल्या मालकांना मुलींची टीम बंद करायची होती. हा आडवा आला, तर त्यांनी यालाच घरी बसवलं. मुलगी मेलबर्नला होती, तिच्याकडे आला. नातवंडं सांभाळायची आणि बागेला पाणी घालायचं, असं ठरलं होतं. पण एकदा फिरायला गेला आणि आमच्या मैदानावरचा गोलपोस्ट वाकडा दिसला. तो सरळ करायला लागला तो कायमचाच. पुढे प्रेसिडेंट झाला. सेक्रेटरीचं काम कुणालाच नको असायचं, म्हणून तेही ह्याच्याच गळ्यात. "प्रेसिडेंट नुसतं भाषण करतो," तो म्हणायचा, "कुठली टीम कुठल्या मैदानावर खेळणार, ते सेक्रेटरी ठरवतो. क्लबाच्या घटनेतच आहे तसं." मी हे एका कानाने ऐकायचे, कारण डोळे लेकीवर.

शनिवारी दुपारी दोनला मेन ग्राउंड मुलींचं. हे म्हाताऱ्याने ठरवलेलं आणि त्यावर कुणाची हरकत नव्हती, जोपर्यंत आमची पुरुषांची टीम वरच्या डिव्हिजनमध्ये गेली नव्हती. ती गेली आणि काही मंडळींच्या अंगात आलं. त्यांना शनिवारची तीच वेळ हवी. मुलींनी म्हणे मागच्या मैदानावर जावं. मागचं मैदान म्हणजे एका बाजूला उतार, पावसाचं पाणी साचलेलं, कपडे बदलायला खोली नाही, टॉयलेटला जायचं तर पार्किंग ओलांडून. "जस्ट फॉर नाउ," असं त्यांचा पुढारी म्हणाला. घरं विकणारा एजंट होता तो, गोड बोलणं त्याच्या धंद्यातच होतं. आम्हा बायकांना "जस्ट फॉर नाउ" चांगलं कळतं हो. माझ्या शाळेत मुलं मैदानावर असायची आणि आम्ही भिंतीलगत लेझीम. तेही तात्पुरतंच होतं. अख्खी शाळा संपली माझी.

लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "मॉम, देन आय क्विट. आय'म नॉट चेंजिंग इन द कार." एवढी चिवट पोर, ती इतक्या सहज सोडणार?

म्हातारा नाही म्हणाला. मग त्या लोकांनी ठरवलं, की वार्षिक सभेत यालाच काढायचं. रविवारी दुपारी दोनची सभा. मी कंबर कसली. आपल्या झाडून सगळ्या मराठी आईबापांना फोन केले. मुली त्यांच्याही खेळत होत्या, मेंबर तेही होते. "हो हो, नक्की येतो, म्हणजे काय!" म्हाताऱ्याने विचारलं, "येतील ना?" मी म्हटलं, "म्हणजे काय!"

रविवारी मी क्लबच्या छोट्या किचनमध्ये चहा टाकत होते, म्हातारा शेजारी कप मांडत होता. एजंट आला. आत नाही आला, दारातच थांबला आणि हात लांब केला. "मेट, शनिवारची वेळ दे. मग मतदान वगैरे काही नको, तूच प्रेसिडेंट. शेक ऑन इट."

म्हातारा त्याच्या हाताकडे बघत राहिला. मला माहीत होतं, ती खुर्ची त्याला किती प्यारी होती. ती गेली की नातवंडं आणि बागेचा पाइप. तो म्हणाला, "आत ये. सगळ्यांसमोर बोल." एजंटने हात खाली घेतला. "सूट युअरसेल्फ."

दोन वाजले. गोऱ्यांची सभा दोनला म्हणजे दोनला सुरू होते. मी दाराकडे बघतेय, पार्किंगकडे बघतेय, फोनकडे बघतेय. आपला एकही माणूस नाही! ग्रुपवर मेसेज टाकला, तर उत्तर काय, "निघतोच आहोत." अरे, निघतोच आहोत म्हणजे अजून अंघोळ व्हायचीय! आपल्याकडे अकराच्या बारशाला साडेबाराला पोचायचं असतं, हे मला माहीत नव्हतं का? दात-ओठ खात उभी राहिले. प्रेसिडेंटचं मतदान झालं. हात वर झाले, मोजले गेले. म्हातारा हरला.

मला रडू यायला लागलं, रागाने. तो मात्र खुर्चीवरून शांत उठला आणि सगळ्यात मागे जाऊन बसला. एजंट पुढे येऊन बसला, आभाराचं भाषण केलं. चांगलंच लांबवलं. मग इतर पदं. "सेक्रेटरीसाठी कुणी?" कुणीच नाही. त्याच्या लोकांनी एकमेकांकडे बघून खांदे उडवले. "बघू नंतर," एजंट म्हणाला.

म्हाताऱ्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. एका कानाने ऐकलेलं ते सगळं दुसऱ्या कानातून परत आलं बहुतेक: कुठलं मैदान कुणाला, ते सेक्रेटरी ठरवतो! माझा हात वर गेला. "मी."

"सेकंडेड," मागून म्हातारा गरजला.

एजंट सावध झाला. त्याने लगेच आपल्या भावाला उभं केलं. मतदान घ्यायचं ठरलं आणि नेमकं तेव्हा दार उघडलं. आले! ढोकळ्याचे डबे, चिवड्याच्या बरण्या, झोपेतून उठवलेली पोरं, मागे काका-काकू, सगळी वरात आत. "सॉरी हं, पार्किंगच मिळेना," पहिला म्हणाला. मी ओरडले, "डबे ठेवा खाली आणि हात वर करा!" कशासाठी, हेही त्यांनी विचारलं नाही. एका काकूंनी तर दोन्ही वर केले. त्यांचा एकच मोजला.

मी जिंकले.

म्हातारा सगळ्यांचे कप विसळत किचनमध्ये उभा होता. "तुमची खुर्ची गेली हो," मी म्हटलं आणि आता खरंच रडले. तो म्हणाला, "पुन्हा धुलाई झाली. होऊ दे." त्याचेही डोळे ओले होते, पण मान ताठ.

कचऱ्याची पिशवी टाकायला म्हणून दाराशी गेले, तर नवा प्रेसिडेंट बाहेर उभा. चेहऱ्यावर तेच घरं विकणारं हसू. "काँग्रॅट्स! आता शनिवारचं आपण दोघं समजुतीने बघू," म्हणत त्याने उंबरठ्यावरून हात पुढे केला.

मी त्या हाताकडे पाहिलं. एक पाऊल मागे सरकले.

"इनसाइड," मी म्हटलं. "आणि शनिवारी दोनला मेन ग्राउंडवर मुली खेळणार आहेत. ते ऐकून घ्या, मग हात मिळवू."

किचनमधून म्हाताऱ्याचं ते मोठ्याने हसणं ऐकू आलं. नव्या प्रेसिडेंटने हात खाली घेतला, पाय पुसले आणि तो आत आला.