माझ्या विसरण्याचा अहवाल

जवळा बाजारच्या शिबिरात माझं रक्त काढलं, तेव्हा लेक म्हणाली होती, "साखर बघून राहिले, बा. दुसरं काही न्हाई." ती स्वतः दवाखान्यात नर्स. तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर? मी बाही वर केली.

अहवाल तिच्या मोबाइलवर आला. साखर बराबर आहे, एवढंच मला सांगितलं. उरलेलं तिनं दोन्ही भावांना सांगितलं, ते मला फार उशिरा कळलं. हजारो माणसांच्या रक्तावरून शिकलेला एक संगणक आहे म्हणे. त्याच्या मते पुढच्या काही वर्षांत माझी स्मरणशक्ती ढासळण्याचा धोका जास्त. पुढच्या काही वर्षांत. आज नाही. त्याला माझं वय दिलं होतं तेही दाखल्यावरचं, आमच्या गुरुजींनी एक जून ठोकून दिलेलं. पुढे मीही मास्तर झालो आणि निम्म्या तांड्याला एक जूनलाच जन्माला घातलं. असल्या वयावर तो हिशोब.

आमच्या तांड्यात सोयरीक जुळवताना दोन्हीकडच्या पिढ्या तोंडपाठ म्हणाव्या लागतात. एकाच भाऊकीतलं रक्त एकमेकांत जाऊ नये म्हणून. चाळीस वर्षं ते काम माझं. मी मान हलवल्याशिवाय कोणाचं लग्न ठरलं नाही.

त्या उन्हाळ्यात लेक रोज संध्याकाळी वही घेऊन शेजारी बसायला लागली. "सांगा ना बा, लेकरायला कळाया पायजे." मी हुरळून गेलो. चहा पीत पीत पिढ्या सांगत सुटलो. गाढवच मी! घर रिकामं करण्याआधी सामानाची यादी करतात, तसं तिचं चाललं होतं, आणि मला ती माया वाटली.

नातीच्या सोयरिकीच्या दिवशी मला विड्याची पानं आणायला बाजारात पिटाळलं. परत आलो तर मांडवात थोरला मुलगा वहीतून पिढ्या वाचत होता. माझी वाटही पाहिली नव्हती. नवऱ्या मुलाच्या पणज्याचं नाव आलं आणि मी ओरडलो, "थांबा! हा पणजा आमच्याच भाऊकीतला. लहानपणी साखरे घराण्यात दत्तक गेला. आडनाव बदललं, रक्त न्हाई. ही सोयरीक होत न्हाई."

थोरल्यानं पानं चाळली. "हितं तर न्हाई लिहिलेलं."

कसं असेल? दत्तक गेलेल्यांपर्यंत वही पोचलीच नव्हती.

मी नवऱ्या मुलाच्या आजोबांकडे पाहिलं. त्या दत्तकाचा हा सख्खा मुलगा. बापाची ही गोष्ट एका लग्नाच्या पंगतीत त्यानंच मला सांगितली होती. तो माझ्या लेकीकडे बघू लागला. तिनं खाली मान घालून म्हटलं, "बाच्या अहवालाचं तुमाला सांगितलं व्हतं ना, मामा."

त्याचा चेहरा सैल झाला. "व्हय, व्हय. गुरुजींला तकलीफ देऊ नका. आराम करू द्या."

लेकीनं माझं कोपर धरलं, दवाखान्यात पेशंटचं धरतात तसं. "चला बा, आत पडा जरा."

मी गेलो. भांडलो नाही, हात झटकला नाही, मुकाट्यानं गेलो, याचा संताप अजून जात नाही. दाराआडून मी ऐकत होतो. नातीला माझ्या देखत भाऊकीत दिलं, आणि भरल्या मांडवात खरं बोललेला एकटा मी, तोच वेडा ठरलो.