जनरेटरच्या तोंडाला हार

त्या दसऱ्यानंतर पाच दिवस बापूकाकांच्या गाडीतला जनरेटर एकच काम न थकता करत असे, ते म्हणजे आवाज. विजेच्या बाबतीत त्याचा उदारपणा एका दिव्यापुरता होता. टेबलफॅन जोडला तर फिरती पाती मोजता येत. मिक्सर जोडला तर जनरेटर एकदा कण्हे आणि बंद पडे.

ही सत्तरच्या दशकातली सोलापूरची गोष्ट. गाडी म्हणजे खेडोपाडी पडदा लावून सरकारी माहितीपट दाखवत फिरलेली जुनी व्हॅन. लिलावात निघाली, काकांनी घेतली. काका, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, गिरणीत टाइमकीपर होते. लोकांना उशीर झाला हे सांगण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर उशीर मोजायला घरात मी एकटाच उरलो (मी वर्तमानपत्रात उपसंपादक), आणि माझ्याबद्दलची आशा त्यांनी लवकरच सोडली. मग ते दारातल्या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत राहिले. सहा महिने.

त्या खुर्चीतून त्यांना उठवलं ते काकूंच्या खांद्यानं. गंगाकाकूंच्या शेंगाचटणीला गल्लीत तोड नव्हती, पण ती उखळात कुटावी लागे. खांदा धरला, डॉक्टरांनी कुटणं बंद केलं. काकांनी लगेच बेत जाहीर केला. गाडीत बाकडं, स्टोव्ह आणि मिक्सर. मागं पत्र्याच्या पेटीत जनरेटर. बाजारोबाजार फिरायचं, गिऱ्हाइकासमोर ताजी चटणी करायची, गाडीतच राहायचं.

"आन् त्या जनरेटरचं इंजिन बंद पडलं तर?" काकूंनी विचारलं.

"पडत न्हाई. लई दमाचं हाय."

हे विधान तेव्हा खरं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिक्सर माझ्यासमोर दोनदा चालला. वेळेसकट नोंद माझ्या वहीत आहे. जे डोळ्यांनी पाहिलं ते तिथल्या तिथं टिपायचं, ही कचेरीची शिस्त मी घरातही पाळत असे. घरात तिचा कुणाला उपयोग नव्हता, हा भाग वेगळा.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. काकांनी स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा जाड हार माझ्या हातात दिला.

"शिवा, ह्यो जनरेटरला घाल. तोंडाशी घाल, कुटं पन टाकू नगं."

जनरेटरचं तोंड कुठं असतं याची मी चारी बाजूंनी पाहणी केली. एका अंगाला भोकाभोकांचा गोल डबा होता. त्याखेरीज तोंडासारखं काही दिसलं नाही. हार वाटेत पडू नये म्हणून त्या डब्याला तीन वेढे दिले, सुतळीनं आवळले आणि वर दोन फुलं खोचली.

दुपारी काकूंनी शेंगदाणे भाजले. मिक्सर लावताच जनरेटर कण्हला आणि बंद पडला.

काकांनी पेट्रोल बदललं. मी प्लग साफ केला (म्हणजे काका साफ करत असताना मी दिवा धरला). मग आमचे शेजारी नरसय्या आले. ते कारखान्यात माग दुरुस्त करत. कुठलंही यंत्र त्यांच्यासमोर खोटं बोलत नाही, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी आधी हाराला हात लावून तो कपाळाला लावला, मग हार जराही हलणार नाही अशा बेतानं बाकीचं सगळं खोललं.

"वायर लई बारीक, काका," ते म्हणाले.

वायर बदलली. दिवा झकास पेटला. मिक्सरनं अर्धा फेरा घेतला आणि काळा धूर सोडून जनरेटर गप्प झाला.

"मग मिक्सर लई जाड," नरसय्या म्हणाले आणि हात पुसून घरी गेले.

चार दिवसांत गल्लीतल्या निम्म्या लोकांनी जनरेटर खोलला. पूजेची वस्तू म्हणून प्रत्येकानं हार जपला. एकानं तर सैल झालेली सुतळी पुन्हा आवळून दिली. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होतो, "परवा चालत होता, मग मध्ये बदललं काय?" वार्ताहराचा हा पहिलाच प्रश्न असतो. मला मात्र तो कुणी विचारला नाही.

पाचव्या दिवशी मंगळवेढ्याचा बाजार होता. काकूंनी अट घातली.

"तितं चाललं तर मी जल्मभर ह्या गाडीत बसंन. न्हाई चाललं तर गाडी भंगारात, आन् तुमी परत खुर्चीत."

वाटेत गिरणीचा भोंगा चुकल्यासारखा काकांचा चेहरा झाला होता.

बाजारात गाडी लावली. जनरेटरच्या आवाजानं माणसं जमली. दोन शेळ्या दावं तोडून गेल्या. भर उन्हात पेटलेला दिवा लोकांनी कौतुकानं पाहिला. काकांनी भांड्यात शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ घातलं. झाकण धरण्याचं काम माझ्याकडे होतं. मिक्सर "घुं" म्हणाला. जनरेटर कण्हला. काळा धूर लोकांच्या पटक्यांवरून पसरला आणि सगळीकडे शांतता झाली.

"आजून एकदा," काका म्हणाले. आणखी तीनदा झालं.

पुढं उभा असलेला एक म्हातारा बारकाईनं बघत होता. "नाक दाबल्यागत करतंय की वो हे. दमा हाय का ह्येला?"

लोक हसले. काका गाडीच्या पायरीवर बसले. दारातल्या खुर्चीत बसत, अगदी तसेच. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"आधी ते निर्माल्य काढा," त्या म्हणाल्या. "पाच दिस झाले पूजेला. शिळी फुलं अंगावर ठिवून राबवताय व्हय त्याला? कसं ऐकंल त्ये?"

त्यांनी स्वतः सुतळी सोडली. हार अर्धाच हातात आला. उरलेला अर्धा डब्याच्या भोकांतून आत गेला होता. काकू डोक्यातली पिन काढून पाकळ्या ओढू लागल्या. मूठ भरली, मग दुसरी भरली.

"शिवा," काका सावकाश उठत म्हणाले, "ही हवा घ्यायची जागा हाय."

मी वहीचं पान उलटलं, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं तरी.

काकांनी दोरी ओढली. आवाज बदलला होता. आता त्यात कण्हणं नव्हतं. त्यांनी मिक्सरचं बटण दाबलं, आणि पाच दिवस न चाललेला मिक्सर असा काही चालला की झाकण धरायचं असतं हे मला उशिरा आठवलं. (उशिराची माझी ख्याती काकांना ठाऊक होतीच.) झाकण छताला लागलं. चटणी माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर, चष्म्यावर आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर पडली. म्हाताऱ्यानं बोटानं ती पुसली आणि चाखली.

"मीठ कमी हाय."

"मीठ बराबर हाय," काकू म्हणाल्या. "तुमचंच तोंड आळणी."

म्हाताऱ्यानं आणखी एक बोट चाखून विचार केला. "बांदा पावशेर."

संध्याकाळपर्यंत शेंगदाण्यांचे दोन डबे रिकामे झाले. परतताना काकू पुढच्या बाकावर, काकांच्या शेजारी बसल्या आणि पदराखाली दुखरा खांदा चोळत मोडनिंबचा बाजार कधी असतो, ते विचारू लागल्या. काका भोंगा वेळेवर वाजल्यासारखे ताठ बसून गाडी चालवत होते. "वेळेवर निगायचं," एवढंच ते म्हणाले, आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

मी मागं जनरेटरजवळ बसून वही चाळत होतो. दसऱ्याच्या पानावर माझ्याच स्वच्छ अक्षरात नोंद होती : "११.१०. जनरेटरच्या तोंडाला हार घातला. घट्ट."

बातमी अचूक होती. तोंडही मी बरोबर ओळखलं होतं. ते श्वास घेण्यासाठी असतं, एवढीच माहिती मिळवायची राहून गेली.